रोलचं डॅम्पिंग हातानं वाढवणं म्हणजे चीटिंग का? जरा सविस्तर लिहितो

तुझा प्रश्न काल रात्री वाचला, आधी हसू आलं आणि मग जरा वाईट वाटलं, कारण तीस वर्षांपूर्वी मी पण हेच करत होतो आणि सांगणारं कोण नव्हतं. मधनंच वाचायला आलेल्यांसाठी प्रश्न थोडक्यात टाकतो. पोरगा बेळगावचा, मेकॅनिकल करून आता बाहेर एमटेक करतोय, प्रोजेक्टला 120 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद मालवाहू जहाज घेतलंय, जीएम (जहाज किती जोरानं सरळ व्हायला बघतंय त्याचं माप) 1.2 मीटर. सॉफ्टवेअरनं आडव्या लाटेत रोलचा, म्हणजे या बाजूनं त्या बाजूला डोलण्याचा, आरएओ (लाटेच्या दर मीटरला किती डोल) पीकला मीटरला 30 डिग्री दिला, यानं त्याला 5 मीटर लाटेनं गुणलं आणि उत्तर आलं 150 डिग्री, म्हणजे जहाज उलटं होऊन परत आलं. गाईड म्हणाले डॅम्पिंग, म्हणजे डोलण्याला लागणारा ब्रेक, वाढव, 25 च्या आसपास येऊ दे. यानं 10 टक्के टाकलं, 27 आलं, गाईड खूश. आता हा विचारतोय, ही चीटिंग नव्हे का, आणि हाच आकडा पुढं स्ट्रक्चरच्या सेफ्टीला वापरू का. शेवटी एक ओळ आहे, "काका, बेळगावात बसून समुद्राचं काम करणं येडेपणा आहे का?"

आधी पहिलं. डॅम्पिंग हातानं टाकणं ही चीटिंग नव्हे, जगात सगळे टाकतात. उत्तर बघून डॅम्पिंग ठरवणं ही मात्र चीटिंग आहे. तुझ्या गाईडनी सांगितलं ते अर्धं बरोबर आणि अर्धं घातक, कारण 25 कुठनं आलं हे त्यांनी सांगितलं नाही आणि तू विचारलं नाहीस.

सॉफ्टवेअर डॅम्पिंग कमी का देतंय ते बघ. तू वापरतोस ते पोटेन्शियल फ्लोवर चालतंय, म्हणजे त्याच्या पाण्याला चिकटपणाच नाही, त्यात जहाजाची शक्ती फक्त एकाच वाटेनं बाहेर जाते, लाटा उठवून. आता एक रिकामी कळशी विहिरीच्या पाण्यावर आडवी ठेव. वरखाली दाबलीस तर गोल लाटा काठापर्यंत जातात, पण तिच्याच जागी गरकन फिरवलीस तर पाण्याला पत्ताच लागत नाही. जहाजाचं मधलं सेक्शन अगदी गोल नसतंय, पण रोलच्या बाबतीत बरंचसं कळशीसारखंच वागतंय. म्हणून हीव्ह (अख्खं जहाज वरखाली) आणि पिचला (पुढचं-मागचं टोक वरखाली) सॉफ्टवेअर चांगलं उत्तर देतंय, तिथं लाटा उठवण्यातच बरीच शक्ती जाते, 1970 मध्ये साल्वेसन, टक आणि फाल्टिनसन यांनी मांडलेली स्ट्रिप थिअरी (जहाजाचे आडवे काप करून हिशोब) आजही त्या दोन मोशनला लोक विश्वासानं वापरतात. रोलला मात्र खरं ब्रेक लावतात ते कोपऱ्यावर सुटणारे भोवरे, बिल्ज कील (तळाच्या गोलाईवर लांबीभर लावलेली पट्टी), थोडं घर्षण, आणि जहाज चालत असेल तर लिफ्ट. यातलं काहीच तुझ्या सॉफ्टवेअरला दिसत नाही.

आणि रेझोनन्सला, म्हणजे लाटेचा आणि जहाजाचा पिरियड जुळतो तिथं, ब्रेकच सगळं ठरवतो. साधा हिशोब कर. तुझ्या जहाजाचा रोल पिरियड (एका पूर्ण झोक्याचा वेळ) ढोबळमानानं 0.8 गुणिले रुंदी भागिले जीएमचं वर्गमूळ, म्हणजे 14.6 सेकंद. या पिरियडची खोल पाण्यातली लाट 1.56 गुणिले पिरियडचा वर्ग, म्हणजे 332 मीटर लांब, आणि एक मीटर ॲम्प्लिट्यूडला तिचा चढ साधारण 1.1 डिग्री. जहाज रेझोनन्सला या चढाच्या 1 भागिले दोन झीटा इतक्या पट डोलतंय, झीटा म्हणजे तेच टक्क्यातलं डॅम्पिंग. झीटा 10 टक्के असेल तर 5 पट, 2 टक्क्याच्या आत असेल तर 25-30 पट. तुझे 30 डिग्री आले ते इथनं. सॉफ्टवेअरनं चूक केली नाही, त्याला जेवढं दिसतंय तेवढं सांगितलं.

आता तुझी स्वतःची चूक, जी गाईडच्या पण नजरेतनं सुटली. आरएओ असतो लाटेच्या ॲम्प्लिट्यूडला, म्हणजे शांत पाण्याच्या पातळीपासनं माथ्यापर्यंत. तू गुणलंस पूर्ण उंचीनं, खड्ड्यापासनं माथ्यापर्यंत. 5 मीटर लाट म्हणजे ॲम्प्लिट्यूड 2.5. मग 10 टक्के डॅम्पिंगला 27 नव्हे, साडेतेरा डिग्री. म्हणजे 25 आणण्यासाठी तू एक चूक दुसऱ्या चुकीवर टेकवलीस आणि दोघी एकमेकीला धरून उभ्या राहिल्या. उत्तर बघून डॅम्पिंग ठरवू नको म्हणतो ते याच्यासाठी. आधी वेगळ्या मार्गानं डॅम्पिंग ठरवलं असतंस तर साडेतेरा-सत्तावीसचा घोळ त्याच दिवशी सापडला असता.

तिसरी गोष्ट, समुद्र एका पिरियडनं येत नाही. 5 मीटर ही सिग्निफिकंट हाईट असेल तर ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, आणि अशा समुद्राचा पीक पिरियड 10-11 सेकंद असू शकतोय. तुझं जहाज 14.6 ला डोलतंय, तिथं स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या पिरियडला लाटांची किती शक्ती त्याचा आलेख) शक्ती थोडीच शिल्लक. मग पीकचा आरएओ घेऊन काय करणार? आरएओचा वर्ग गुणिले स्पेक्ट्रम, सगळ्या फ्रिक्वेन्सीवर बेरीज, हे 1953 मध्ये सेंट डेनिस आणि पियर्सन यांनी दाखवून दिलं, तेव्हापासनं हीच पद्धत. तुझं खरं उत्तर बहुतेक साडेतेराच्या पण खाली येईल.

पण हे सगळं 1.2 जीएमला. इथं लोडिंग मधे येतंय. आपल्याकडं चिकोडी-निपाणी रोडला उसाचा ट्रेलर बघितलाच असशील, वर छपरासारखा भरलेला, वळणावर सावकाश कलतोय आणि सावकाश परत येतोय, बघणाऱ्याच्या पोटात गोळा. तो कमी जीएमवाला. तेच खाली लोखंडी प्लेटा आणि वर काहीच नाही असा ट्रेलर खड्ड्यात गेला की झटका देऊन सरळ होतोय, ड्रायव्हरची मान मोडंल. तो जास्त जीएमवाला. आता तुझ्याच जहाजात खाली जड माल भर, जीएम 2.5 कर, पिरियड येतोय 10.1 सेकंद, बरोबर स्पेक्ट्रमच्या पीकवर. जास्त जीएम म्हणजे जास्त सुरक्षित असं पुस्तकात वाचलं असशील, उलटायच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं पण आहे, मात्र डोलायच्या बाबतीत तूच त्याला लाटेच्या तोंडी दिलंस. त्यामुळं "या जहाजाचा रोल किती" या प्रश्नाला उत्तरच नाही. कुठलं लोडिंग, कुठला समुद्र, किती वेग, लाट कुठनं येतेय, हे सांगितल्यावर मग आकडा.

बरं, डॅम्पिंग ठरवायचं कसं. तीन वाटा आहेत. एक, इकेडाची पद्धत, जपानमध्ये 1970 च्या दशकात तयार झाली, घर्षण, भोवरे, लाट, लिफ्ट, बिल्ज कील असे तुकडे वेगवेगळे काढून बेरीज करायची, एक्सेल शीटमध्ये बसते, तुझ्या प्रोजेक्टला पुरेल. दोन, सीएफडी, म्हणजे पाण्याचा चिकटपणा धरून कॉम्प्युटरवर केलेला हिशोब, वेळ आणि मशीन असेल तर. तीन, आणि मला सगळ्यात आवडणारी, रोल डिके. जहाज किंवा मॉडेल शांत पाण्यात एका बाजूला कलवायचं, सोडायचं, आणि प्रत्येक झोक्याला किती उरतंय ते मोजायचं. विल्यम फ्रूडनं 1861 साली रोलिंगवर पेपर वाचला आणि पुढं 1870 च्या दशकात इंग्लंडमध्ये टॉर्कीला टँक बांधून मॉडेलवर काम केलं, तेव्हापासनं या टेस्टचं मूळ काही बदललेलं नाही, फक्त पेन्सिलच्या जागी सेन्सर आले.

समजा पहिल्या पूर्ण झोक्यात 20 डिग्रीचे 14 झाले. 20 भागिले 14 चा नॅचरल लॉग, भागिले 2π, झीटा 5.7 टक्के. तेच मॉडेल शेवटी शेवटी 5 चे 4.2 करतंय, झीटा 2.8 टक्के. जहाज तेच, पाणी तेच, आणि डॅम्पिंग दुप्पट! कारण भोवऱ्यांचा ब्रेक वेगाच्या वर्गानं वाढतोय, मोठा झोका म्हणजे मोठा ब्रेक. म्हणून "10 टक्के" असा एकच आकडा टाकणं मुळातच अर्धवट आहे. मोठी बिल्ज कील, थोडा वेग आणि 25 डिग्रीचा झोका असेल तर 10 अशक्य नाही, पण 5 डिग्रीच्या झोक्याला तेच 10 टाकलंस तर बहुतेक तू रोल कमी दाखवालास. बरोबर पद्धत अशी, एक कोन गृहीत धर, त्या कोनाचं डॅम्पिंग टाक, उत्तर काढ, उत्तर वेगळं आलं तर त्या नव्या कोनाचं डॅम्पिंग टाक, दोन्ही जुळेपर्यंत फिरव. तीन-चार फेऱ्यांत जुळतंय. हे पण "हातानं टाकणं"च आहे, पण यात उत्तर कुठं थांबणार ते तुझ्या हातात नाही.

घरी करून बघायचं असेल तर गच्चीवरच्या टाकीत कर, मी नातवाबरोबर केलंय. थर्माकोल किंवा हलक्या लाकडाचा फूटभर तुकडा, खालचे कोपरे घासून गोल केलेले, खाली तळाला पट्टीचं वजन, वर एक आइस्क्रीमची काडी उभी. बोटानं कलवून सोड आणि मोबाईलवर स्लो मोशन घे, मागं भिंतीवर प्रोट्रॅक्टरची झेरॉक्स चिकटव. मग पत्र्याच्या दोन पट्ट्या, बोटाच्या अर्ध्या रुंदीच्या, दोन्ही गोल कोपऱ्यांवर लांबीभर चिकटव आणि परत सोड. आमच्याकडं पट्टीशिवाय ते चौदा-पंधरा झोके घेत होतं, पट्टी लावल्यावर सहा. नातू म्हणाला आजोबा पाणी घट्ट झालं काय. एवढ्याशा मॉडेलवर घर्षण खऱ्यापेक्षा जास्त वजन खातंय म्हणून हे आकडे जहाजाला लावू नको, पण बिल्ज कील काय करतेय ते डोळ्याला दिसतंय. खऱ्या टँकमध्ये मॉडेल मोठं असतंय आणि फ्रूडच्या नियमानं स्केल लावतात, 1:36 चं मॉडेल असेल तर वेळ 6 पट, म्हणजे जहाजाचे 12 सेकंद तिथं 2 सेकंद.

इथं माझी एक फजिती सांगतो, कारण ती याच मुद्द्याची आहे. गोव्याकडं एका यार्डात होतो, नाव नको, 10 मीटर रुंदीची टग, म्हणजे मोठी जहाजं ओढणारी बोट होती. इन्क्लायनिंग टेस्ट, म्हणजे डेकवर ओतीव लोखंडाचे ठोकळे एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकवायचे, आणि आत लांब लंबक सोडलेला असतोय, त्याचं टोक तेलाच्या बादलीत म्हणजे हलू नये, तो स्केलवर किती सरकला त्यावरनं जीएम काढायचा. दोर ढिले, माणसं आपापल्या जागी गप्प उभी, वारा नाही, सगळं पुस्तकाप्रमाणं. पण त्या दिवशी लंबकाच्या रीडिंगा सरळ रेषेत बसेनात आणि मी म्हटलं जेटीला येणाऱ्या लाटेनं असंल, मधनं रेष ओढली. कागदावर जीएम साधारण 2 आला, पिरियड यायला पाहिजे पावणेसहा सेकंदाच्या आत. संध्याकाळी एक म्हातारा फोरमन म्हणाला साहेब जरा डोलवून बघू, दहा-बारा पोरं डेकवर या काठापासनं त्या काठापर्यंत तालात पळवली, टग डोलायला लागली, मी स्टॉपवॉच धरलं. साडेसहा. परत केलं, साडेसहा. हिशोब उलटा केला तर जीएम दीडच्या आसपास. रात्री टाक्यांना साउंडिंग रॉड घातले तेव्हा कळलं, "फुल" लिहिलेली पूर्ण रुंदीची डिझेल टाकी अर्धी होती, आतलं डिझेल कलेल त्या बाजूला पळत होतं. मी दिवसभर रीडिंगांवर रेष ओढत होतो, कारण मला 2 पाहिजे होतं. तेव्हापासनं कुठलंही सॉफ्टवेअर असो, आधी पिरियड जुळतोय का बघतो, मग ॲम्प्लिट्यूडवर बोलतो. तुझ्या प्रोजेक्टच्या जहाजाचं रोल पिरियडचं खरं मोजमाप मिळत असेल तर कसंही करून मिळव.

आता दुसरा अर्धा प्रश्न, हा आकडा स्ट्रक्चरला वापरू का. तर कुठल्या स्ट्रक्चरला? जहाज मधनं मोडतंय ते रोलनं नव्हे. समोरनं येणारी जहाजाएवढी लांब लाट ही मोडणारी लाट. माथा मधोमध आला तर दोन्ही टोकं लटकतात, ते हॉगिंग, दोन्ही टोकांखाली माथे आले तर पोट खाली बसतंय, ते सॅगिंग. तुझ्या 120 मीटरच्या जहाजाला ती लाट 8.8 सेकंदाची. म्हणजे तुला डोलवणारी लाट 332 मीटरची आणि वाकवणारी 120 ची, दोघींचा संबंधच कमी. वाकवण्याच्या हिशोबात हीव्ह, पिच आणि पाण्याचं प्रेशर येतंय, आणि तिथं तुझं सॉफ्टवेअर आहे तसं बऱ्यापैकी चालतंय, डॅम्पिंगची भानगड नाही.

रोलचा आकडा लागतो तो डेकवरचे कंटेनर, त्यांच्या लॅशिंग (बांधायचे रॉड-साखळ्या), टाकीत उसळणारं पाणी, क्रेनचे पाय यांना. आणि तिथं पण कोन एकटा पुरत नाही. 20 डिग्रीचा रोल, रोलच्या अक्षापासनं 15 मीटर वर 20 टनाचा डबा धर. पिरियड 14.6 असेल तर त्याला आडवा ओढ साधारण 8.8 टनाचा. कोन तोच 20, पण पिरियड 10.1 केला तर 11 टन. कोन न वाढता लॅशिंगवर चौथाई भार वाढला. रिपोर्टमध्ये नुसता कोन लिहून सोडतात ते बघून मला अजून राग येतो.

आणि स्ट्रक्चरला "5 मीटर लाटेत किती" हे चालत नाही. तिथं विचारतात 20-25 वर्षांत सगळ्यात वाईट काय. सात-आठ सेकंदाला एक लाट धरली तर 20 वर्षांत जवळजवळ 10 कोटी लाटा, त्यातली एक. जहाजांचे नियम करणाऱ्या क्लास सोसायट्या नॉर्थ अटलांटिकचा समुद्र धरून हे काढतात. शिवाय त्याच 10 कोटी लहान-मोठ्या लाटांनी वेल्डच्या टोकाला फटिग लागतोय तो वेगळा हिशोब. उद्यमबागेत क्रँकशाफ्ट बनवणाऱ्या कुणालाही विचार, एका दणक्यानं मोडलेला आणि रोज थोडा थोडा थकून मोडलेला, तुटलेला तुकडा बघूनच सांगतील.

लोडिंगचं महत्त्व इथं पण सुटत नाही. जानेवारी 2007 मध्ये एमएससी नेपोली नावाची कंटेनर बोट इंग्लिश चॅनेलमध्ये इंजिन रूमजवळ फुटली. नंतर डेकवरचे कोरडे राहिलेले 660 कंटेनर तोलले तर 137 डब्यांची वजनं कागदापेक्षा 3 टनाहून जास्त फरकाची निघाली. आपल्याकडं काटा मारणं म्हणजे काय हे ऊस घालणाऱ्याला सांगायला नको, तिथं काटाच नव्हता, पाठवणारा लिहील ते वजन. 1 जुलै 2016 पासनं डबा चढवण्याआधी तोललेलं वजन सक्तीचं झालं. जून 2013 मध्ये एमओएल कम्फर्ट ही दुसरी कंटेनर बोट येमेनच्या बाजूला मधोमध तुटली, 2008 ची म्हणजे अवघ्या पाच वर्षांची, 26 च्या 26 माणसं वाचली हे नशीब. तिच्या सिस्टर शिप तपासल्या तर तळाच्या प्लेटांना मधल्या भागात फुगवटे सापडले. दोन्ही प्रकरणांत कुणी "रोल किती होता" विचारून काही कळलं नसतं.

जाता जाता एक रोलचं भूत सांगतो, कारण तुझ्या आडव्या लाटेच्या आरएओमध्ये ते कधीच दिसणार नाही. पंचमीचा झोका आठव. मागनं कोणी ढकलत नाही, उभं राहणारी पोरगी फक्त बसते-उठते, एका झोक्यात दोनदा, आणि झोका फांदीला लागतोय. जहाज समोरच्या लाटेवर असताना मधला माथा आणि मधला खड्डा यांत पाण्याला लागलेली रुंदी बदलते, म्हणून जीएम वरखाली होतो, आणि हे रोलच्या एका झोक्यात दोनदा झालं की जहाज समोरच्या लाटेत आडवं डोलायला लागतंय. पॅरामेट्रिक रोल. ऑक्टोबर 1998 मध्ये एपीएल चायना या बोटीचे शेकडो कंटेनर पॅसिफिकमध्ये गेले ते यानं. हे लिनियर हिशोबात बसत नाही, तुझ्या प्रोजेक्टमध्ये घालू नको, पण व्हायवाला विचारतील.

तर आत्ता करायचं एवढंच: लाटेची अर्धी उंची, स्पेक्ट्रम, इकेडानं डॅम्पिंग, कोन जुळेपर्यंत फेऱ्या, आणि हे सगळं निदान दोन लोडिंगना. गाईडना 25 नाही आलं म्हणून सांगायला लागंल, सांग. पिरियडचा कागद हातात घेऊन जा, भांडायला नको.

बेळगावचं म्हणशील तर समुद्र चोर्ला घाट उतरला की आहेच, पण खरं सांगू काय, हायड्रोडायनॅमिक्स करणारी बहुतेक माणसं दिवसभर स्क्रीनसमोरच असतात. नेमोह नावाचा लाटेतल्या जहाजाचा हिशोब करणारा फ्रान्समधला कोड 2014 पासनं फुकट मिळतोय, साध्या लॅपटॉपवर चालतोय. पुढं शिकायचं असेल तर खरगपूरची आयआयटी, चेन्नईची आयआयटी, कोचीनचं विद्यापीठ. टँक बघायचा असेल तर विशाखापट्टणमला एनएसटीएल ही नौदलासाठी काम करणारी प्रयोगशाळा, पण ती डीआरडीओची, म्हणजे संरक्षण खात्याची, परवानगी लागते. खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएसमध्ये (पाण्यावरचं सरकारी संशोधन केंद्र) बंदरांची मॉडेल असतात, कॉलेजमार्फत अर्ज टाक, ते जवळ पडतंय. मी स्वतः हे शिकलो तेव्हा आमच्या वडगावातल्या लोकांना वाटायचं पोरगा बोटीवर खलाशी झालाय, आईनं तर दोन वर्षं कुणाला सांगितलंच नव्हतं.

एक राहिलं. तुझ्या जहाजाला बिल्ज कील आहे की नाही ते तू लिहिलंच नाहीस. जनरल अरेंजमेंटमध्ये (अख्ख्या जहाजाच्या मांडणीचं ड्रॉइंग) बहुतेक सापडणार नाही, मिडशिप सेक्शनचं ड्रॉइंग बघ, तळाच्या गोलाईवर तिरकी छोटी रेघ असेल ती. तिची लांबी-रुंदी आणि दोन लोडिंगचे जीएम इथं टाक, रविवारी इकेडाचा हिशोब तुझ्याबरोबर करून बघतो.